ब्रह्मविद्या मंदिर, पवनार

वर्धा जिल्ह्यातील स्त्रियांचा स्वावलंबी आश्रम. वर्ध्यापासून सुमारे ८ किमी. अंतरावर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, धाम नदीच्या काठी. जमनालाल बजाज यांच्या येथील बंगल्यात विनोबा भावे १९३८ मध्ये प्रकृतीसाठी राहायला आले आणि ‘परंधाम’ आश्रम उभा राहिला. १९४० मध्ये पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनी युद्धविरोधी भाषण केले तेही पवनारलाच. १९५० मध्ये येथे कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाच्या व्यवहारातूनच सुटायचे, म्हणून शेतीत बैलही नव्हते. जमीन कुदळीने खणत आणि विहिरीचा रहाट माणसे फिरवीत. पुढच्याच वर्षी विनोबा येथून पायी तेलंगणात गेले व भूदान चळवळ सुरू झाली.

याच आश्रमात ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना २५ मार्च १९५९ रोजी झाली. विनोबा तेव्हा पदयात्रेत होते. अध्यात्मसाधना सामूहिक व्हावी आणि तिचे सूत्र स्त्रियांच्या हाती असावे, ही त्यामागची दृष्टी. लग्नाखेरीज मुलीपुढे दुसरा मार्ग क्वचितच असे, त्या काळात घर सोडून आजन्म ब्रह्मचर्य पत्करणाऱ्या या भगिनींचे धाडस आज पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. स्वयंपाक, झाडलोट, शेती, सूतकताई सगळे त्याच करीत, नोकरचाकर नाहीत. निर्णय सर्वसंमतीने, एकीचाही विरोध असला तर विषय थांबे.

आश्रमाच्या छापखान्यात खिळे हातांनी जुळवून ‘मैत्री’ हे हिंदी मासिक छापले जाई. आणीबाणीला अनुकूल समजल्या गेलेल्या विनोबांच्या भूमिकेवर टीका झाली व ती होतच राहील. मात्र १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी त्यांचा उपोषणाचा संकल्प छापलेला ‘मैत्री’चा अंक पोलिसांनी जप्त केला, हेही विसरता येत नाही.

शेत खणताना येथे प्राचीन शिल्पे निघाली. त्यांतील भरत-राम भेटीचे शिल्प आश्रमात पूजले जाते. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले.

आश्रमासमोर धाम नदीत १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. अन्नपाणी व औषध सोडलेल्या विनोबांचे देहावसान १५ नोव्हेंबर १९८२ रोजी येथेच झाले. त्यांच्यामागे गादी चालवणारा कोणी नेमला गेला नाही. ईशावास्य व विष्णुसहस्रनामाचे सामूहिक पठण, शेती आणि सर्वसंमतीचा कारभार भगिनींनी पुढे चालवला.