तबकडी मोडणारच : घरगुती विदा-भांडाराचा इतिहास

ग्रंथसंग्रहांविषयी साहित्याचे अभ्यासक आवडीने लिहितात. संग्रह ज्या साधनांवर टिकतो त्या साधनांचा इतिहास मात्र आपण सहसा तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही सोय महाग पडू लागली आहे. नियतकालिकांचे जुने अंक, मुद्रणाबाहेर गेलेली पुस्तके, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची छायाचित्रे असे कितीतरी साहित्य आज संस्थांच्या कपाटांत नसून अभ्यासकांच्या घरातील हार्ड डिस्कवर आहे. ते सांभाळण्यासाठी चार-सहा डिस्क पोटात घेऊन कोपऱ्यात मंद गुरगुरणारी एक लहान पेटी, म्हणजे होम सर्व्हर, जुळवण्याची प्रथा जगभर रुजली. या पेटीमागे एक विचार आहे आणि त्या विचाराला स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचीच मांडणी करीत आहोत.

या इतिहासाचा आरंभ एका अवाढव्य यंत्राने होतो. 1956 साली आयबीएमने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे विकसित केलेला 'रॅमॅक' संगणक जाहीर केला. त्याच्या साठवण-विभागात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि क्षमता होती 50 लाख अक्षरांची. पुढची तीन दशके मोठ्या संस्थांच्या डिस्क याच परंपरेतल्या राहिल्या : आकाराने मोठ्या, किमतीने अफाट आणि प्रत्येक सुटा भाग निर्दोष असावा या आग्रहाने घडवलेल्या. दुसरीकडे 1980 साली सीगेटने 5 मेगाबाइटची, सव्वापाच इंची डिस्क आणली आणि व्यक्तिगत संगणकासाठी लहान, स्वस्त डिस्कचा प्रवाह सुरू झाला. ती स्वस्त होती, पण तिच्यावर भिस्त ठेवावी अशी तिची कीर्ती नव्हती.

1988 साली बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका निबंधात प्रश्न उलटा केला. एक मोठी महाग डिस्क घेण्याऐवजी पुष्कळ लहान स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या तर काय होईल? वेग वाढेल, हे उघड होते. पण अडचणही त्यांनी लपवली नाही. एका डिस्कचे सरासरी आयुष्य 30,000 तास धरले, तर अशा शंभर डिस्कच्या समूहात सरासरी 300 तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी डिस्क निकामी होणार. संख्या वाढली की मरणही वाढते. यावर त्यांनी सुचवलेला उपाय होता मुद्दाम ठेवलेल्या अतिरिक्ततेचा. स्वस्त डिस्कच्या या अतिरिक्ततायुक्त समूहाला त्यांनी 'रेड' हे नाव दिले. मुळातली कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना त्याच दिशेच्या एका युक्तीचे पेटंट 1978 मध्येच मिळाले होते. परंतु तिघांच्या निबंधाने तिला नाव, वर्गीकरण आणि युक्तिवाद दिला. साहित्याच्या इतिहासातही संज्ञा रूढ करणाऱ्याचे महत्त्व आपण जाणतोच.

ही अतिरिक्तता कशी काम करते? सर्वांत सरळ रीत म्हणजे दोन डिस्कवर तेच लिहिणे. दुसरी रीत अधिक काटकसरीची आहे. तीन डिस्कवर एकाच जागी 1, 0, 1 असे अंक आहेत असे समजू. चौथीवर असा अंक लिहायचा की चौघांची बेरीज सम यावी. येथे तो 0 असेल. आता दुसरी डिस्क नाहीशी झाली, तर उरलेल्या 1, 1, 0 यांची बेरीज समच आहे. म्हणून हरवलेला अंक 0 असलाच पाहिजे. चौथ्या डिस्कवर कोणाचीही प्रत नाही, तरी कोणतीही एक हरवली तर ती पुन्हा उभी करता येते. प्रत्यक्षात हे समतेचे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून दिले जातात.

ही युक्ती संस्थांच्या यंत्रगृहांतून घरात आली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. 2001 साली तैवानच्या व्हिया कंपनीने 'मिनी-आयटीएक्स' हा अवघ्या 17 सेंटिमीटर चौरस मदरबोर्डचा आकार मांडला. 2005 साली ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी 'फ्रीनॅस' ही मुक्त प्रणाली सुरू केली, तेव्हा जुन्या संगणकालाही भांडाराचे काम देता येऊ लागले. 2010 साली एचपीने चार डिस्क बसणारा छोटा 'मायक्रोसर्व्हर' बाजारात आणला. घरी पेटी जुळवणाऱ्यापुढचे प्रश्न मात्र तेच राहिले. 4 टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर एका डिस्कइतकी समता ठेवल्यास 12 टेराबाइट वापरता येतात आणि एक मृत्यू सोसतो. दुहेरी समता ठेवल्यास 8 टेराबाइट मिळतात आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी निभावते. लहान पेटीत डिस्क खेटून बसतात, म्हणून हवेचा मार्ग आणि पंखा यांचा विचार आधी करावा लागतो. एक डिस्क बदलली की नवी भरून काढण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क बहुधा अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. एकाच दिवशी, एकाच घाण्यातून आणलेल्या समवयस्क डिस्कची खरी परीक्षा नेमकी तेव्हाच होते.

याहून सूक्ष्म संकट म्हणजे मूक भ्रष्टता. डिस्क मरत नाही, तक्रारही करत नाही. फक्त एखादे अक्षर बदलते. 2007 साली मायक्रोसॉफ्टने 'विंडोज होम सर्व्हर' बाजारात आणला. निवडलेल्या फाइलींच्या प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य. पण एकाहून अधिक डिस्क असताना काही परिस्थितींत फाइली भ्रष्ट होतात, हे कंपनीला त्याच वर्षाअखेर मान्य करावे लागले आणि दुरुस्ती 2008च्या मध्यावर आली. प्रती वाढवणे आणि पाठ शुद्ध ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती थोड्या होत्या म्हणून एकनाथांना शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, तिचे शुद्धीकरण करावे लागले नाही. प्रती होत्या, पण त्यांत अपपाठ शिरले होते. दोन प्रतींत दोन पाठ आढळले, तर खरा कोणता? साध्या जोड-डिस्कपुढे हाच पेच असतो आणि तिच्यापाशी उत्तर नसते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी 2001 पासून घडवलेल्या आणि 2005 साली खुल्या झालेल्या 'झेडएफएस' या प्रणालीने तेथे निर्णायक पाऊल टाकले. प्रत्येक तुकड्याची एक गणिती खूण ती त्या तुकड्यापासून वेगळी, त्याच्या वरच्या पातळीवर नोंदवते. वाचताना खूण जुळली नाही, तर ती प्रत दोषी ठरते आणि दुसऱ्या, जुळणाऱ्या प्रतीवरून दुरुस्त होते. पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या नोंदवणाऱ्या लेखकूची आठवण येथे व्हावी. फरक इतकाच की ग्रंथसंख्या गळती दाखवते, बदललेले अक्षर नाही.

तरीही या पेटीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. समता ही प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी आज्ञाधारकपणे पुसली जाते. चोरी, आग आणि पूर तर पेटीच घेऊन जातात. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला संकेत आजही ग्राह्य आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक घराबाहेर.

मराठीच्या अभ्यासकाला याखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले कितीतरी लेखन श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फाँटांत टंकित झाले. डिस्कवरचा एकही अंक न बदलता ती फाइल आज उघडली, तर फाँटाअभावी समोर येतो तो रोमन चिन्हांचा गलबला. यंत्राच्या लेखी विदा सुरक्षित आहे. वाचकाच्या लेखी पाठ हरवला आहे. त्या फाइली युनिकोडमध्ये आणून ठेवणे हे डिस्क विकत घेण्याइतकेच निकडीचे काम आहे.

आणि सर्वांत मोठी उणीव पेटीच्या बाहेर असते. सहा डिस्क, दुहेरी समता, गणिती खुणा हे सारे असूनही सांकेतिक शब्द एकाच माणसाला ठाऊक असेल, तर त्या संग्रहाचे आयुष्य त्या माणसाच्या आयुष्याइतकेच. त्याच्यामागे घरच्यांना कोपऱ्यात दिसते ती एक गुरगुरणारी, वीज खाणारी पेटी. ती भंगारात जाण्यास कोणाचा आकसही लागत नाही. बर्कलेच्या निबंधाची शिकवण ही की कोणताही एक घटक अमर नाही, असे धरूनच रचना करावी. संग्राहक हाही एक घटकच आहे. आपल्या संग्रहाची यादी, एक पूर्ण प्रत आणि ती उघडण्याची रीत दुसऱ्या एका वाचकाच्या घरी असणे, हे आम्हांला कोणत्याही नव्या डिस्कपेक्षा अधिक तातडीचे वाटते.