परवडणारे नवे घर : जमेच्या बाजू आणि जोखमी

स्वतःच्या मालकीचे घर ही बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. महानगरांच्या मध्यवर्ती भागातील किमती सामान्य नोकरदारांच्या आवाक्याबाहेर गेल्यानंतर परवडणाऱ्या घरांचे प्रकल्प शहरांच्या सीमांवर उभे राहू लागले. मुंबईकरांसाठी विरार, बदलापूर, नेरळ, दिल्लीकरांसाठी ग्रेटर नोएडा, पुणेकरांसाठी तळेगाव व वाघोली ही त्याची ठळक उदाहरणे. अशा घराची जाहिरातीतील किंमत कमी असते, हे खरे. मात्र कमी झालेली रक्कम अनेकदा प्रवासाच्या, वेळेच्या, कर्जाच्या मुदतीच्या किंवा कायदेशीर जोखमीच्या रूपाने ग्राहकाकडेच परत येते. ती नेमकी कोठे गेली, हे शोधणे हाच घरखरेदीच्या निर्णयाचा गाभा आहे.

'परवडणारे' म्हणजे किती?

बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत 'परवडणारे' हा शब्द सढळपणे वापरला जातो. कायद्यात मात्र त्याची व्याख्या कामापरत्वे बदलते. वस्तू व सेवा करासाठी १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार, महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत आणि इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेले व ४५ लाख रुपयांपर्यंत किमतीचे घर परवडणारे मानले जाते. बांधकाम सुरू असलेल्या अशा घरावर १ टक्का, तर इतर घरांवर ५ टक्के कर आकारला जातो. इमारत पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर लागत नाही.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ४५ लाखांची मर्यादा पाहताना पार्किंग, विकास शुल्क व पसंतीच्या मजल्यासाठी घेतलेली जादा रक्कमही धरली जाते. एकूण आकडा ४५ लाखांवर ४५ हजार रुपये असलेला कर ४६ लाखांवर २ लाख ३० हजारांवर जातो. त्यामुळे केवळ मूळ किंमत पाहून हिशेब करणे महागात पडू शकते.

जमेच्या बाजू

पहिली बाजू स्थैर्याची. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपताच नवे घर शोधणे, मुलांची शाळा बदलणे आणि दरवर्षी वाढणारे भाडे या चिंता संपतात. निवृत्तीनंतर डोक्यावर हक्काचे छप्पर असणे, ही निवृत्तिवेतन नसलेल्या कुटुंबासाठी मोठीच सुरक्षितता आहे. कर्जाचा मासिक हप्ता ही एक प्रकारची सक्तीची बचतही ठरते.

दुसरी बाजू सरकारी साहाय्याची. १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी राबवण्यात येत असलेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये वार्षिक ९ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचा समावेश आहे. ३५ लाखांपर्यंतचे घर व २५ लाखांपर्यंतचे कर्ज असल्यास पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याज अनुदान मिळू शकते. त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार रुपये असून ती पाच वार्षिक हप्त्यांत दिली जाते. देशात कोठेही पक्के घर नसणे ही मुख्य अट आहे.

याशिवाय महाराष्ट्रात म्हाडा व सिडको सोडतीद्वारे घरे देतात. हरियाणात २०१३ च्या धोरणानुसार परवडणाऱ्या घरांचे दर सरकार ठरवते आणि वाटपही सोडतीनेच होते. महाराष्ट्रात निवासी घर महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

तिसरी बाजू नव्या बांधकामाची. रेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. पुनर्विक्रीच्या जुन्या घराला हे संरक्षण सहसा उरलेले नसते.

हिशेबाची दुसरी बाजू

ठाणे किंवा पुणे शहरात बांधकाम सुरू असलेल्या ४० लाखांच्या घराचे उदाहरण घेता येईल. ७ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ८० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि वस्तू व सेवा कराचे ४० हजार, असे साडेतीन लाख रुपये किमतीव्यतिरिक्त लागतात. मुद्रांक व नोंदणीच्या खर्चासाठी बँका सहसा कर्ज देत नाहीत. ३० लाखांचे कर्ज मिळाले तरी कुटुंबाला साडेतेरा लाख रुपये स्वतः उभे करावे लागतात. सोसायटीच्या ठेवी, देखभालीची आगाऊ रक्कम, वीजजोडणी आणि किमान फर्निचर यांचा खर्च वेगळाच.

३० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी सुमारे २६,०३५ रुपयांचा हप्ता बसतो. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल पाच हजारांपेक्षाही कमी फिटते. पूर्ण मुदतीत व्याजच ३२ लाखांहून अधिक होते. हप्ता हलका करण्यासाठी मुदत ३० वर्षे केल्यास तो सुमारे तीन हजारांनी घटतो, परंतु एकूण व्याज ५३ लाखांवर पोहोचते.

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य निकषाशी जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा लाखो कर्जदारांना त्याची झळ बसली. वरील उदाहरणात आरंभीच दर एका टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांचे कर्ज फिटायला २५ वर्षांहून अधिक काळ लागतो. चाळिशीत कर्ज घेणाऱ्याच्या बाबतीत ते निवृत्तीनंतरही सुरू राहते. दिलासा एवढाच की, वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड आकारता येत नाही.

करबचतीचा मुद्दाही पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. परवडणाऱ्या घरांसाठीची दीड लाखांची अतिरिक्त वजावट ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

भाडे की हप्ता?

तेच ४० लाखांचे घर दरमहा १२ हजार रुपये भाड्याने मिळत असेल, तर हप्ता भाड्याच्या दुपटीहून अधिक ठरतो. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तरी त्याला हप्त्याची बरोबरी करण्यास सुमारे १६ वर्षे लागतील. म्हणजेच चार-पाच वर्षांत बदली किंवा नोकरी बदलण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाला भाड्याचे घर अधिक सोयीचे पडते. दीर्घकाळ त्याच परिसरात राहणाऱ्यांच्या बाबतीत पारडे खरेदीकडे झुकते, कारण २० वर्षांनंतर हप्ता संपतो. भाडे संपत नाही.

केवळ गुंतवणूक म्हणून सीमावर्ती भागात घर घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. शेजारी नव्या इमारती सतत उभ्या राहत असताना जुन्या सदनिकेला ग्राहक मिळणे कठीण जाते.

अंतराची किंमत

विरार चर्चगेटपासून रेल्वेने ६० किलोमीटरवर आहे, तर बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर. घर व कचेरी यांमधील प्रवासात रोज तीन-चार तास जात असतील, तर वर्षाच्या तीनशे कामाच्या दिवसांत ते सुमारे हजार तास होतात. हा खर्च कोणत्याही किंमतपत्रकात नसतो. त्यात पाळणाघर, रिक्षा व शाळेच्या बसचा खर्च मिळवावा लागतो.

पाणी हा याहून कळीचा प्रश्न आहे. नगरपालिकेची नळजोडणी मिळेपर्यंत अनेक नव्या वसाहती टँकरवर अवलंबून असतात आणि तो खर्च मासिक देखभाल शुल्कात येतो. 'लवकरच येणाऱ्या' मेट्रोच्या किंवा महामार्गाच्या भरवशावर जादा दर देण्याऐवजी आज प्रत्यक्षात काय उपलब्ध आहे, हे पाहणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात पाण्याची व पावसाळ्यात रस्त्याची स्थिती शेजारच्या इमारतीतील रहिवाशांकडून समजू शकते.

कायदेशीर जोखीम

रेरा कायद्याने ग्राहकाला मोठे बळ दिले आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकामावर खर्च करावी लागते. नोंदणीकृत विक्री करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते आणि ताब्यास विलंब झाल्यास ग्राहकाला व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो.

तरीही केवळ रेरा क्रमांकावर विसंबून चालत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. नालासोपारा पूर्व येथे कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित असलेल्या जमिनीवरील ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या प्रारंभी जमीनदोस्त करण्यात आल्या. दोन्ही ठिकाणी फटका बसला तो प्रामुख्याने अल्प व मध्यम उत्पन्न गटातील कुटुंबांना. त्यामुळे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा थेट महापालिकेच्या नगररचना विभागात करणे आवश्यक ठरते.

रखडलेल्या प्रकल्पांचा धोका वेगळा. नोएडा व ग्रेटर नोएडातील आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत सुमारे ४२ हजार ग्राहक अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी समूहाची रेरा नोंदणी रद्द करून ती घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. अशा प्रसंगी ग्राहक घराचे भाडे आणि कर्जाचे व्याज अशा दुहेरी ओझ्याखाली येतो. 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही' या योजनांतही कर्ज ग्राहकाच्याच नावावर असते. विकासकाने व्याज भरणे थांबवल्यास बँक वसुलीसाठी ग्राहकाकडेच येते.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

- जमिनीची मालकी व बोजा : सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक आणि वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल.
- प्रकल्पाची माहिती : राज्याच्या रेरा संकेतस्थळावरील पूर्णत्वाची तारीख, मुदतवाढी, तक्रारी व दावे.
- परवानग्या : मंजूर नकाशा व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, तयार घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र.
- क्षेत्रफळ : करारात चटई क्षेत्राचा स्पष्ट उल्लेख. उघड्यावरील पार्किंगची जागा सामाईक असते. ती स्वतंत्रपणे विकता येत नाही.
- रोकड : किमतीचा कोणताही भाग पावतीशिवाय देऊ नये. वाद झाल्यास तो सिद्ध करणे अवघड जाते.

निर्णय कोणासाठी योग्य?

सर्व देणी भागवून मासिक उत्पन्नाच्या साधारण एक-तृतीयांशात हप्ता बसत असेल, किमान सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहत असेल आणि पुढील आठ-दहा वर्षे त्याच परिसरात राहणे निश्चित असेल, तर परवडणारे नवे घर हा योग्य निर्णय ठरतो. बचत तुटपुंजी असल्यास बांधकामाधीन घरापेक्षा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर थोडे महाग पडले तरी अधिक सुरक्षित. कारण त्यात विलंबाची जोखीम नसते व वस्तू आणि सेवा करही वाचतो. यांपैकी पहिल्या तीन अटींतील एकही पूर्ण होत नसेल, तर काही वर्षे भाड्याने राहून मोठी रक्कम साठवणे हिताचे. त्यामुळे कर्ज कमी लागते आणि वीस वर्षांच्या व्याजातील मोठा हिस्सा कुटुंबाकडेच राहतो.