कराची व मुंबई यांमधील अंतराचा विचार

जुन्या कागदपत्रांत दोन गावांमधील अंतर कधी कोसांत, तर कधी मजलांत दिलेले आढळते. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ शब्दाचा अपभ्रंश. त्याचा मूळ अर्थ हाक. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’पासून आला, त्याचा अर्थ मुक्कामाची जागा. पहिले माप भूमीचे, दुसरे प्रवाशाचे. या दोहोंची गल्लत केल्यास पत्राच्या कालनिर्णयात दोष येतो. हा भेद अर्वाचीन कागदांसही लागू पडतो, हे दाखविण्याकरिता आम्ही कराची व मुंबई यांचे उदाहरण घेतो.

या दोन शहरांचे सरळ रेषेतील अंतर सुमारे 880 किलोमीटर आहे. इंग्रजांनी सिंध प्रांत 1843 साली जिंकला, 1847 साली तो मुंबई इलाख्यास जोडला आणि 1 एप्रिल 1936 रोजी निराळा केला. त्या अवधीत आमच्या वडुजाहून कराचीस धाडलेले पत्र इलाख्याबाहेर जात नसे.

विलायतेचे विमानी टपाल 1929 पासून कराचीपर्यंत येऊ लागले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पुस मॉथ’ जातीच्या लहानशा विमानातून ते अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या मैदानावर आणले. अहमदाबादच्या वळणामुळे मार्ग हजार किलोमीटरांवर गेला; तथापि सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून ते दुपारी दोनच्या आत पोचले.

पुढे 1947 साली ही शहरे दोन राष्ट्रांत विभागली गेली. 1982 साली, पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी याच मार्गाने पुनः उड्डाण केले. त्यानंतर मात्र थेट विमानसेवा खंडित झाली, आणि एप्रिल 2025 मध्ये उभय राष्ट्रांनी परस्परांच्या विमानांस आपले आकाश बंद केले. जेट विमानास हे अंतर सुमारे दीड तासाचे. परंतु दुबईमार्गे जाणाऱ्यास सुमारे 3,100 किलोमीटर, म्हणजे साडेतीनपट अंतर तोडावे लागते. उड्डाणाचे पाच तास व मध्यंतरीचा दोन-अडीच तासांचा मुक्काम मिळविला, तर 1932 सालच्या त्या लहान विमानाहून आजचा प्रवासी लवकर पोचतो असे म्हणता येत नाही!

तात्पर्य, कोस होते तेवढेच राहिले. मजल राज्यव्यवस्थेप्रमाणे पालटली. म्हणून पत्र किती दिवसांत पोचले असेल हे ठरविताना नकाशावर पट्टी ठेवून भागत नाही. वाट कोणती होती आणि सरहद्द कोणाची होती, हे आधी पाहिले पाहिजे. ज्यांच्या संग्रही कराचीकडील जुनी पत्रे असतील, त्यांनी मजकुराबरोबर लिफाफाही जपावा आणि रवानगीचा व पोचीचा असे दोन्ही शिक्के टिपून ठेवावेत, अशी आमची विनंती आहे. त्या दोन शिक्क्यांमधील काळ हाच मजलेचा खरा पुरावा होय.