दगडीचा उपचार आणि कोल्हापूरचे दूध

कोल्हापुरातील दुधाच्या व्यवहाराचे जुने रूप गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर टिकून आहे. तेथे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा पेला जागच्या जागी रिकामा होतो, त्यामुळे कोणत्या जनावराचे दूध कोणाच्या पोटात गेले, हे उघड असते. 1963 मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, स्थापन झाला, गावोगावचे दूध एकत्र होऊ लागले, शेतकऱ्याच्या हाती नियमित पैसा आला. मात्र एका गोठ्यातला औषधोपचार आता अनेक घरांशी जोडला गेला.

त्या उपचारांत ‘दगडी’चा वाटा मोठा आहे. दगडी म्हणजे कासदाह: जिवाणू सडाच्या छिद्रातून आत शिरतात, कास सुजून टणक होते आणि दुधात गाठी येतात. संकरित गाई वाढल्या तसा हा आजारही वाढला, कारण जास्त दूध देणारी कास त्याला लवकर बळी पडते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिन बनू लागले होते; पुढे प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे, गोठ्यातही रुळली आणि नळीने थेट सडात सोडली जाऊ लागली.

अपुऱ्या मात्रेने जिवाणू औषधाला सरावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. सूज उतरताच औषध थांबवले, तर चिवट जिवाणू उरतात आणि वाढतात. शिवाय जनावराच्या आतड्यांत तयार झालेले प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणारे, जिवाणू शेणावाटे शेतात पोहोचतात. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जिवाणूही त्याने मरतात. म्हणून वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत असे दूध डेअरीला घालायचे नसते. ते ओतून देण्याचा तोटा मात्र एकट्या शेतकऱ्याने सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

माणसांच्या उपचारांत शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या कॉलिस्टिनचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमधील वापर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंद केला. तथापि औषधाची गरजच कमी करणारे उपाय गोठ्यातच आहेत: स्वच्छ, कोरड्या हातांनी धार काढणे, नंतर सड जंतुनाशकात बुडवणे आणि लगेच वैरण टाकणे, कारण धारेनंतर सुमारे अर्धा तास सडाचे छिद्र उघडे असते आणि खाणारे जनावर तेवढा वेळ खाली बसत नाही.