पटावरचा पराभव

बुद्धिबळात सारा पट दोघांनाही दिसतो. रणांगणात तसे नसते. म्हणून प्रशियाच्या राइसविट्झ या लेफ्टनंटाने १८२४ साली वडिलांचा युद्धखेळ नकाशावर नव्याने बांधला. शत्रू नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत त्याची सोंगटी मांडायची नाही. हानी किती, ते फासे टाकून पंचाने ठरवायचे. अधिकाऱ्यांना हे उत्तम शिक्षण!

पण, श्रोतेहो, पंचाचा निवाडाच कोणी फिरवला तर? मे १९४२ मध्ये जपान्यांनी ‘यामातो’ युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची अशीच तालीम केली. पंचाने त्यांच्या विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचे ठरविले. अ‍ॅडमिरल उगाकींनी नवाचे तीन केले! बुडालेली ‘कागा’ पुढच्या डावात पुन्हा हजर झाली, असे जपानी अधिकाऱ्यांनीच पुढे लिहिले आहे. जूनमध्ये मिडवेपाशी ‘कागा’सह चार विमानवाहू नौका बुडाल्या.