अंबरनाथ
महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील शहर व तालुक्याचे ठिकाण. लोकसंख्या 2,53,475 (2011). मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर उल्हासनगर व बदलापूर यांच्या दरम्यान, मुंबईपासून सुमारे 60 किमी. कल्याण ते खोपोली हा लोहमार्ग 1856 मध्ये सुरू झाला. लोहमार्गामुळे शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले असून जुने गाव, मंदिर व मराठी मध्यमवर्गीय वस्ती मुख्यतः पूर्वेकडे आहे.

शहराची ख्याती येथील शिवमंदिरामुळे आहे. वालधुनी नदीच्या काठी, स्थानकापासून सुमारे दोन किमीवर हे मंदिर उभे आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागोमाग गादीवर आले. बांधकामाचा आरंभ छित्तराजाने केला व ते मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे सामान्यतः मानतात. आधार आहे तो उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस कोरलेल्या लेखाचा. त्यात मुम्मुणीचा ‘माम्वाणिराज’ असा उल्लेख असून शके 982, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार असा काळ दिला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शक 782 असा वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो दुरुस्त करून 982 असा लावला. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. लोकप्रिय पुस्तकांत बांधकामाचे साल 1060 असे छापतात, इ. स. 1060–61 म्हणणे अधिक सुरक्षित.

मंदिर पश्चिमाभिमुख असून स्थानिक काळ्या दगडात बांधलेले आहे. मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशी तीन दारे असून समोर दोन नंदी आहेत. मंडपाच्या मध्यभागी चार खांब असून वरच्या घुमटाकार छताचे कोरीवकाम वेळ काढून पाहण्यासारखे आहे. गर्भगृह मंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खोल असल्याने पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे गर्भगृहातून वर पाहिले की थेट आकाश दिसते. शिखर मुळातच अपुरे राहिले की नंतर ढासळले, याविषयी मतभेद आहेत. शैली भूमिज. शिखराच्या चार बाजूंना खालून वर जाणारे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत माळेतल्या मण्यांप्रमाणे ओळीने बसवलेली छोटी शिखरे ही तिची खूण. महाराष्ट्रातील भूमिज मंदिरांत कोरीव लेखामुळे काळ निश्चित सांगता येतो, अशांत हे सर्वांत जुन्यांपैकी आहे. सिन्नरचे गोंदेश्वर त्यानंतरचे. मंदिराच्या जोत्यावर गजथर असून बाह्य भिंतींवर नटराज, गजासुरवध, चामुंडा, शिव-पार्वती विवाह इत्यादी मूर्ती आहेत. ब्रह्मदेवाच्या मूर्तींची संख्या लक्षणीय आहे. पावसाच्या माऱ्याने पुष्कळ मूर्तींचे चेहरे झिजले आहेत. जे. जे. कला विद्यालयाच्या चमूने 1868 मध्ये येथे येऊन रेखाटने व साचे घेतले. मूर्तींच्या अभ्यासाला ती नोंद आजही उपयोगी पडते. अलीकडच्या लेखनात कुमुद कानिटकर यांचा अंबरनाथ शिवालयावरील ग्रंथ (2013) महत्त्वाचा.

पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत बांधले, पहाट झाल्याने शिखर अपुरे राहिले, ही कथा येथेही सांगितली जाते. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्याचा समज दूरवर पसरलेला आहे, तो बरोबर नाही. वालधुनीचे पाणी मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याने व वस्त्यांच्या मैल्याने वर्षानुवर्षे काळे झाले आहे. मंदिराची निगा राखताना नदीला वगळून चालत आले, ही मोठी उणीव होय.

धरमसी मोरारजी (स्थापना 1919) ही रसायन कंपनी व विम्को हा आगपेट्यांचा कारखाना हे येथील जुने उद्योग. पश्चिमेकडील विम्को नाका त्याच नावाने ओळखला जातो. आयुध निर्माणी (2021 पासून यंत्र इंडिया लिमिटेडकडे), मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा व औद्योगिक वसाहतीही येथे आहेत.

नगरपरिषद 1959 मध्ये स्थापन झाली. 1983 मध्ये शहर कल्याण महानगरपालिकेत घालण्यात आले. 1992 मध्ये स्वतंत्र नगरपरिषद पुन्हा अस्तित्वात आली. बदलापूरच्या दिशेने वस्ती झपाट्याने वाढत असून चिखलोली येथे नवे रेल्वे स्थानक मंजूर आहे.

इतर स्थळांपैकी काकोळे येथील रेल्वेने बांधलेला जलाशय (जी. आय. पी. टँक) व चिखलोली धरण ही पावसाळ्यात सहलीची ठिकाणे. तालुक्यातील मलंगगड शहरातून दिसतो (पहा : मलंगगड). महाशिवरात्रीला शिवमंदिराजवळ मोठी यात्रा भरते. गर्दीत शिल्पे नीट पाहता येत नाहीत. अभ्यासकांनी दुसरा दिवस निवडावा.