इवल्या मोज्याचे सात रंग

उरलेल्या लोकरीचं काय करायचं, हा प्रश्न दोन सुयांच्या विणकामानं जन्माला घातला. त्याआधी लोकर उरतच नसे, निदान आज जिला आपण ‘उरलेली’ म्हणतो त्या अर्थानं तरी नाही. हे माझं मत मी एका लहान मुलाच्या मोज्याच्या भरवशावर मांडतो आहे. तो मोजा इजिप्तमध्ये सापडला आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याची जातकुळी मला मात्र मराठवाड्यातल्या आमच्या पुंडलिकनगरातल्या बाळंतविड्यात दिसते.

आधी मोजा. रोमन सम्राट हेड्रियननं इ. स. 130 मध्ये नाईलकाठी अँटिनोपोलिस नावाचं शहर वसवलं. 1913-14 च्या हिवाळ्यात जॉन जॉन्सन या संशोधकानं तिथले उकिरडे उपसले. त्याला हवे होते पपायरसचे कागद, आणि त्या कचऱ्यातच हा मोजा मिळाला. डाव्या पायाचा, लोकरीचा, इ. स. च्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला. अंगठा वेगळा, बाकीची चार बोटं एकत्र. म्हणजे पट्ट्याच्या चपलेत घालायचा मोजा. आपल्याकडे थंडीत बायका चपलेत अंगठ्याचे मोजे घालतात, तीच घडण. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ऑक्सिरिंकसहून आलेली मोठ्या माणसाची लाल जोडीही अशीच आहे.

पण लहान मुलाचा मोजा लाल नाही, पट्ट्यापट्ट्यांचा आहे. 2018 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्रकाशात त्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा त्यात लोकरीच्या सात छटा दिसल्या. आणि रंग वापरले होते फक्त तीन: मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा लाल, वोड नावाच्या झाडाच्या पानांचा निळा (त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच) आणि वेल्ड या रोपाचा पिवळा. एकावर एक रंग चढवून हिरवा, जांभळट, नारिंगी काढलेले. संशोधकांनी रंगाऱ्याच्या काटकसरीचं कौतुक केलं: तीन रंगांत सात छटा बसवल्या. मला त्यात विणणाऱ्या बाईची काटकसर त्याहून मोठी दिसते. वीतभरही नसलेल्या पावलासाठी सात वेगळ्या रंगांची लोकर कोण रंगवून घेईल? एक एक छटा म्हणजे लोकर भिजवणं, रंगात बुडवून ठेवणं, वाळवणं, काहींसाठी हे सगळं पुन्हा दुसऱ्या रंगात. एवढा खटाटोप मोठ्या कापडासाठी होतो, अंगरख्याच्या पट्ट्यांसाठी होतो. मुलाच्या मोज्यात येतं ते त्यातून मागे राहिलेलं.

यावरचा आक्षेप सरळ आहे. त्या काळी इजिप्तमध्ये रंगीत पट्ट्यांची आवड होती; मोजा हौसेनं, ठरवून पट्ट्यांचा केला असेल. असेल. पण हौस आणि काटकसर एकमेकींच्या वैरिणी नाहीत. गोधडीचे चौकोन आज कितीही रेखीव मांडले तरी त्यांचं मूळ जुनेरातच आहे. आणि माझा खरा आधार रंग नसून विणण्याची रीत आहे.

हा मोजा आज आपण विणतो तसा विणलेला नाही. तो एका सुईचा आहे, नेढं असलेल्या सुईचा. युरोपात या रीतीला नालबाइंडिंग म्हणतात आणि स्कँडिनेव्हियात ती आजही जिवंत आहे. इजिप्तचे हे मोजे बरीच वर्षं दोन सुयांचे समजले जात; 1972 मध्ये वस्त्रांच्या अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी एक-एक फासा तपासून ते एका सुईचे असल्याचं दाखवून दिलं. फरक वरवर पाहता लक्षात येत नाही, पण धाग्याच्या बाजूनं विचार केला की जमीन-अस्मानाचा आहे. दोन सुयांवर आपण गुंड्यातून धागा सोडत जातो आणि त्याचा नुसता फासा ओढून घेतो. गुंडा बाजूला पडलेला असतो, कितीही मोठा चालतो. एका सुईत मात्र सबंध धागा दर टाक्याला फाशातून पार ओढावा लागतो. तिथे गुंडा चालणारच नाही. हात पसरून जेवढा मावेल तेवढा तुकडा घ्यायचा, तो संपला की पुढचा जोडायचा. जोडायचा कसा? दोन्ही टोकं उसवायची, एकमेकांवर ठेवायची, थुंकीनं ओली करायची आणि तळहातांत चोळायची. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सांधा दिसेनासा होतो.

म्हणजे एका सुईच्या कामात सगळी लोकर मुळातच तुकड्यांची. हातभर लाल आणि हातभर निळा एका ओळीत आले तर काहीच बिघडत नाही. तिथे उरलेला तुकडा आणि नवा तुकडा यांत भेदच नाही. उरणं सुरू झालं ते गुंड्यापासून.

मग गुंडा आला कुठून? इथे मी थोडा धाडसी अंदाज करतो. दोन सुयांचं खरं विणकाम म्हणून जे सगळ्यात जुने नमुने आज हाती आहेत, ते इजिप्तचेच आहेत. साधारण बाराव्या-तेराव्या शतकाच्या आगेमागचे, बहुतेक मोजेच, निळे-पांढरे. आणि ते लोकरीचे नाहीत, सुती आहेत. ही गोष्ट जाणकार सांगतात आणि पुढे निघून जातात. मला ती अडवते. कापसाच्या तंतूला खवले नसतात. तो थुंकी लावून कितीही चोळला तरी सांधत नाही. सुती धाग्यानं एका सुईचा मोजा करायचा तर दर हातभरावर एक गाठ, आणि गाठीवर पाय ठेवून कोण चालणार? लोकरीला तुकडे चालत होते, कापसाला सलग धागा हवा होता. दोन सुयांची युक्ती कापसानं करायला लावली, असं मी म्हणतो.

आणि कापूस म्हटला की आपण आलोच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही पेठांची नावं आहेत. तगरचं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तिथून जहाजानं तांबड्या समुद्राकडे. तिथल्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय सुती कापड मिळालं आहे. पुढे मध्ययुगात जुन्या कैरोत, फुस्तातला, गुजरातचं छापील कापड ढिगानं जात होतं. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात अशा तुकड्यांचा बाराशेहून मोठा साठा आहे. गंमत अशी की हे कापड गुजरातेत टिकलं नाही, इजिप्तच्या वाळूत टिकलं. आपल्या पावसात आणि वाळवीत सुताचा धागा किती शतकं तग धरणार? म्हणून ‘भारतात जुनं विणकाम सापडत नाही’ हा मुद्दा मला फारसा वजनदार वाटत नाही.

वजनदार मुद्दा दुसराच आहे. त्या सुती मोज्यांपैकी काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाची नक्षी आहे, आणि इजिप्तमध्ये तोवर कापूस पिकतही होता. म्हणजे मोजे तिथल्याच कारागिरांनी, तिथल्याच गिऱ्हाइकासाठी विणले, हे मानणं सरळ पडतं. मीही ते मानतो. दोन सुया मराठवाड्यात जन्मल्या असा माझा दावा नाही. दावा एवढाच की ज्या धाग्यानं त्या सुयांची गरज निर्माण केली, तो धागा पश्चिमेला नेणाऱ्यांत आपल्या या मुलखाच्या गाड्या होत्या.

पुढचा प्रवास ठाऊक आहे. इजिप्तहून विणकाम स्पेनमध्ये, तिथून युरोपभर, आणि इंग्रजांच्या मडमा व मिशनच्या शाळा यांच्याबरोबर परत आपल्याकडे. ‘मोजा’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधी फारसीतून आलेला. तिथे तो चामडी बुटालाही चालत होता. लोकर पुरवायला गिरण्या उभ्या राहिल्या: कानपूरची लाल इमली 1876 मध्ये, पंजाबात धारीवाल 1880 मध्ये.

गिरणीची लोकर आली आणि उरण्याला दुसरं कारण मिळालं. गिरणीत रंगाचा एक घाणा एका वेळी निघतो. पुढच्या घाण्यात तीच छटा तंतोतंत उतरत नाही. म्हणून सगळी लोकर एकाच लॉटची घ्यावी लागते, आणि कमी पडू नये म्हणून थोडी जास्तच. आमच्या शेजारच्या काकू गुलमंडीवरून लोकर आणतात तेव्हा हाच हिशेब करतात. “उरतेच, उरवावीच लागते,” त्या म्हणाल्या. “बाही अर्धी झाल्यावर लोकर संपली तर तो रंग पुन्हा मिळतोय कुठे?” बारीक लोकरीच्या मोठ्या माणसाच्या मोज्यांना साठ-सत्तर ग्रॅम लागते आणि गुंडा असतो शंभर ग्रॅमचा. बाळाच्या मोज्यांना दहा-पंधरा ग्रॅम पुरते. एका जोडीच्या शिलकेतून बाळाच्या दोन जोड्या निघतात. गणित इतकं चोख जमतं की बाळंतविड्यात टोपडं, झबलं, कुंची, दुपटं यांच्याबरोबर मोजे येणार आणि ते शिलकीच्या लोकरीचे असणार, हे जणू ठरूनच गेलं. दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं, मोजे मामाच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचे. युरोपात याच शिलकीतून क्रोशाचा चौकोन आला. 1897 मध्ये लंडनच्या ‘वेल्डन्स’ या मासिकानं उरलीसुरली लोकर संपवायची कृती म्हणूनच तो छापला.

काकूंचं काम मी जवळ बसून पाहिलं. पिवळा संपत आला की त्या कडेला हिरव्याचं टोक धरतात, दोन्ही धागे एकत्र घेऊन चार-पाच टाके सुलट घालतात, मग पिवळा सोडून देतात. गाठ नाही. बाळाच्या कातडीला गाठ टोचते. घोट्यापाशी जाळीची एक ओळ, तिच्यातून ओवलेली दोरी, आणि दोरीच्या टोकांना गोंडे. बोटभर उरलेले, दुसऱ्या कशाच्याच कामाचे नसलेले तुकडे त्या गोंड्यांत जातात. मी त्यांना थुंकीच्या सांध्याबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच करून पाहिलं, जमलं नाही. त्यांची लोकर कॅशमिलॉनची. मेंढीचा खवला तिच्यात नाही. कृत्रिम धागा सांध्याच्या बाबतीत कापसाच्या गोत्रातला आहे, आणि म्हणूनच त्याला गुंडा लागतो, दोन सुया लागतात, आणि तो उरतो.

माझ्या मताला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे, तो मला टाळायचा नाही. काही जण म्हणतील, लोकर मागे ठेवायची मूळ चाल रफूसाठीची. रंगीबेरंगी मोजे हा नंतरचा उद्योग. यात तथ्य आहे. इराण-तुर्कस्तानकडच्या जुन्या मोज्यांत विणायला सुरुवात पंज्याकडून होते आणि टाच सगळ्यात शेवटी बसवतात. विरली की तेवढीच उसवायची आणि नवी घालायची, अशी त्यात सोय आहे. त्यासाठी त्याच रंगाची चिमूटभर लोकर घरात असावी लागते. मोज्याच्या धाग्यात नायलॉन मिसळू लागले, टाच विरायची थांबली, आणि राखून ठेवलेली लोकर बिनकामाची झाली. मोठ्यांच्या मोज्यांपुरतं हे मी मान्य करतो. बाळाच्या मोज्याचं गणित मात्र वेगळं आहे: वर्षभरात पाऊल इतकं वाढतं की टाच विरण्याआधी मोजाच लहान होतो. आणि रांगतं मूल टाच झिजवतच नाही, झिजतो तो पंजा. काकू पंजा दुहेरी लोकरीचा घालतात, आणि त्या दोन धाग्यांचा रंग एक असायची गरज नसते.